दगडांची रांग आणि दोन जर्मन

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो. हे मी आजही न विचारता सांगतो. नांदेडला शिकलो, बी.ए. झालो, तेही तत्त्वज्ञान घेऊन. कारण मी पोचेपर्यंत बाकी विषयांच्या जागा भरल्या होत्या.

माणसाचा स्वभाव आणि समाजाचे नियम यांचं नातं काय, या प्रश्नावर दोन जर्मनांनी आयुष्य घालवलं होतं आणि आमच्या सरांनी एक सत्र. पहिल्या जर्मनाचं म्हणणं, माणसाचा ओढा आपल्याच ताटाकडे. म्हणून त्यानं बुद्धीनं नियम करावा, आणि तो सगळ्यांना सारखा लागू व्हावा. दुसरा म्हणायचा, नुसत्या डोक्यातून काढलेला नियम पोकळ. खरे नियम लोकांच्या रोजच्या वागण्यात मुरलेले असतात. सर म्हणाले, दुसरा अवघड आहे. मी दुसरा जर्मन ऑप्शनला टाकला आणि पहिल्याच्या जोरावर पास झालो.

मुरुडच्या पलीकडे आमचं गाव. निकाल घेऊन आलो तेव्हा दुष्काळ जुना झाला होता आणि जिल्हा नवा होता. लातूरला ‘जिल्हा’ लिहिलेल्या पाट्यांचा रंग ओला, आमच्याकडे विहिरी कोरड्या. त्या नव्या उत्साहात गावाला एक हापसा मिळाला. तो गाव आणि आमचा बौद्धवाडा यांच्या मधल्या माळावर बसला, कारण पाणी तिथंच लागलं. पाण्याला कोण विचारणार, बाबा तू कुणाच्या बाजूचा?

वीसेक घागरी झाल्या की हापसा कोरडा खडखडायचा. मग तासभर पाणी साचायची वाट. म्हणून बायका तांबडं फुटताना येऊन रांगेत एकेक दगड ठेवायच्या आणि आपापल्या कामाला जायच्या; जिचा दगड, तिची पाळी ती येईतो राखलेली. माझी माय रोजगार हमीवर, पाझर तलावाला खडी फोडायची. दुपारच्या सुट्टीत यायची, आपल्या दगडाच्या जागी घागर लावायची, भरून घरी ठेवायची, परत कामावर. आमचा दगड काळा, अंगावर पांढरी शीर. त्याला खेटून बहुतेक वेळा पाटलीणबाईंचा तांबूस दगड असायचा.

मला हे रानटी वाटलं. पदवीधराच्या गावात दगडांची रांग!

“कुणी दगड पुढं सरकवला तर?” मी सरपंचांना विचारलं.

“आजवर कुणी सरकवला न्हाई.”

“पण माणसाचा स्वभावच तसा असतो.”

“कुणाचा? तुझा का आमचा?” सरपंच म्हणाले, आणि पारावरचे सगळे हसले.

पण जिल्हा नवा, पदवी नवी; सरपंचांनी रांग माझ्यावर सोपवली. मी वहीत नियम लिहिला: जो स्वतः उभा, त्याचाच नंबर. सगळे दगड उचलून बाजूला ढीग केला.

माय म्हणाली, “मी हितं उभी ऱ्हायले तर तिकडं खडी कोण फोडंल?”

“नियम सगळ्यांना सारखा असतो, माय. एक जर्मन सांगून गेलाय.”

“हाव का? मग काम बी सगळ्यांना सारखं दे.”

अडाणी बाई, असं मी मनात म्हटलं. आज लिहितानाही लाज वाटते, पण म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी नियम सुरू झाला. पाटलीणबाई आल्याच नाहीत. त्यांनी सालगड्याच्या बायकोला उभं केलं. ती उभी होती, नियमात बसत होतं. मग गावातल्या बायका आणि आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका यांच्यात चार हात अंतर पडलं. थोड्या वेळानं त्या अंतराच्या दोन रांगा झाल्या, आणि एक संपल्यावर दुसरी हे आपोआप ठरलं. कालपर्यंत दगड एकमेकांना खेटून बसत होते. दगडांना कुणी लांब सर म्हणत नव्हतं. मी वही चाळली. उभं कसं राहायचं, याचं कलमच नव्हतं.

दुपारी माय आली. हातांना खडीची पांढरी धूळ.

“माझा लंबर कुठं हाय?”

“शेवटी,” मी म्हणालो.

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. माय रांगेच्या टोकापर्यंत गेली, जरा थांबली. सुट्टी संपली तशी रिकामी घागर घरात टाकून कामावर गेली.

संध्याकाळी घरात पाणी नव्हतं. पीठ होतं, पण मळायला काही नाही. कालचा भाकरतुकडा समोर सारत मायनं विचारलं, “तुझ्या त्या जर्मनच्या गावाला हापसा व्हता का रं?”

“माहीत नाही.”

“त्यो सोता पाणी भरायचा, का कुणी आणून द्यायचं?”

हे परीक्षेला आलं नव्हतं.

सकाळी मायच्या आधी उठलो. ढिगातून पांढऱ्या शिरेचा दगड हुडकला, हापशासमोर ठेवला आणि वही खिशात घालून बाजूला उभा राहिलो. सालगड्याची बायको आली. तिनं दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ढिगाकडं गेली, तांबूस दगड आणला, आमच्या दगडाला खेटून ठेवला आणि पाटलांच्या गोठ्यात शेणकुराला निघून गेली. ऊन वर येईतो रांग भरली.

“काय बीए,” सरपंच जाता जाता म्हणाले, “नियम रद्द का?”

“दुरुस्ती,” मी म्हणालो.

दगड खेटून बसले म्हणून माणसं खेटली असं नाही. घागरी लावताना अंतर पडायचंच. त्याचं काय करायचं, हे दुसऱ्या जर्मनानं सांगितलं होतं का, मला ठाऊक नाही. तो ऑप्शनला होता.

दुपारी माय आली. तिनं काळा दगड उचलून बाजूला ठेवला, तिथं घागर लावली. माझ्याकडं बघितलं नाही.

“हापस आता,” म्हणाली.

मी खिशातली वही काढून खाली ठेवली आणि दांडा धरला.