करटुल्यांची जागा

माझी पत्नी दर श्रावणात माहेरी जाताना विंझरच्या अलीकडे एका वळणावर एसटी थांबवून मला उतरायला लावायची. तिथे रस्त्याकडेला जांभळाचं झाड आहे आणि त्याखाली बसण्याजोगा एक दगड. मला त्या दगडावर बसवून ती पिशवी घेऊन डोंगराच्या अंगाला चढून जायची आणि परत यायची ती करटुली घेऊन. मी तोवर वाचत असे. त्या प्रवासासाठी एक जाड ग्रंथ राखून ठेवला होता. एरवी तो उघडत नसे. वरून तिची हाक आली की जिथे असेन तिथे समासात पेन्सिलीची बारीक रेघ मारायची आणि उठायचं. अशा एकोणीस रेघा त्यात आहेत. ग्रंथ अजून अर्धाच झाला आहे. ती नेमकी कुठे जाते, हे मी एकदाही पाहिलं नाही.

रानातली भाजी कुठे मिळाली हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. तिची भावजय, म्हणजे माझ्या वहिनी, मात्र दरवर्षी विचारायच्याच.

"वन्सं, कुठनं आणली वं?"

"दुकानातनं," ही म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

ती गेली माघात. पुण्यानुमोदनाला जमलेली माणसं पांगल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. "दाजी, ती जागा तुमाला तरी ठावं हाय का?"

मी नाही म्हणालो.

"मंग गेलीच म्हणायची," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात करटुली होती. मला मात्र ते वाक्य फार दिवस पुरलं. तिच्या मागे तिचे कपडे होते, भांडी होती, चष्मा होता. ती एक जागा तेवढी मी दगडावर बसून घालवली होती.

आषाढात ठरवलं, निदान वेल ओळखायला तरी शिकायचं. भोरला आमच्या घरामागच्या कुंपणावर एक वेल चढला होता. रानभाज्यांच्या एका पुस्तकातल्या चित्राशी पान ताडून पाहिलं, जुळलं. संध्याकाळी पिवळी फुलं उमलत, सकाळी मिटलेली असत. मी वेलाला काठी दिली आणि तीन आठवडे फळाची वाट पाहिली. वहिनी मला भेटायला आल्या तेव्हा मोठ्या अभिमानाने त्यांना मागच्या दारी नेलं.

त्यांनी एक कळी बोटांत धरली आणि त्या हसायलाच लागल्या.

"दाजी, ह्यो गडी हाय!"

"म्हणजे?"

"म्हंजे नर. ह्याला नुसती फुलं येणार, फळ न्हाई यायचं. बघा की, टोपी घातलीया." कळीवर खरंच एक छोटं पान टोपीसारखं बसलं होतं. "बाईच्या कळीला टोपी नसती. मागं बारका काटेरी मणी असतो, त्येचंच पुढं करटुलं व्हतं. इतकी बुकं वाचलीत आन् बाई-गडी वळखू आला न्हाई व्हय?"

पुस्तकात हे नव्हतं असं नाही. ते पुढच्या पानावर होतं. चित्र जुळल्यावर मी थांबलो होतो.

वहिनी गेल्यावर मी तो जाड ग्रंथ काढला. रेघेपासून रेघेपर्यंत पानं मोजली. दर वर्षी कमीजास्त सोळा. मग घड्याळ समोर ठेवून एका वर्षाची पानं पुन्हा वाचली, दगडावर वाचत असे तशीच सावकाश. पाऊण तास लागला. त्यातला थोडा वेळ भाजी तोडण्याचा. म्हणजे जायला साधारण पंधरा मिनिटं. एवढं वाचूनही तिच्याबद्दल काही कळण्याची ही पहिलीच वेळ असावी.

श्रावणात त्या वळणावर उतरलो. एकट्याला ओळखू येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून वहिनींना फोन करून बोलावलं होतं. त्या आल्या आणि थेट माझ्या दगडावर बसल्या.

"चला," मी म्हणालो.

"म्या कशाला? वन्संची जागा हाय ती. तुमी जावा."

"दरवर्षी तर विचारायचात."

"इचारत व्हते. त्यांनी सांगावं असं कुठं व्हतं?"

पायवाट होती म्हटलं तर होती. पंधरा मिनिटांनी धापा टाकत एका सपाटीवर पोचलो. नुसतं गवत होतं. मग लक्षात आलं की घड्याळ माझ्या चालीने चाललं होतं. ती भराभर चढायची. माझ्याबरोबर असताना तिला दर थोड्या वेळाने थांबावं लागे, आणि माझ्यासाठी थांबल्याचं ती दाखवत नसे. चपलेतला खडा काढल्यासारखं करायची. मी आणखी वर गेलो.

करवंदीच्या एका जाळीवर वेल पसरले होते. त्यांच्या बुडाशी कोणीतरी काटक्या रोवून त्यांना चढायला आधार दिला होता. काटक्या गेल्या वर्षीच्या, कुजत आलेल्या. एक काटकी चिंधीने जाळीला बांधली होती. ती चिंधी माझ्याच जुन्या निळ्या रेघांच्या सदऱ्याची होती.

मग वाकून पहिल्या वेलाच्या कळ्या पाहिल्या. टोपी होती. गडी. त्यालाही तिने काठी दिली होती. पुढच्या वेलाच्या कळीवर टोपी नव्हती, मागे काटेरी मणी होता. एकदा तो मणी दिसल्यावर पानांआडची करटुलीही दिसू लागली. दोन पिकून केशरी झाली होती आणि फुटली होती, आत लाल बिया. ती तशीच राहू दिली. हिरवी तेवढी तोडली.

खाली आलो तेव्हा वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठनं आणली वं?"

"दुकानातनं," मी म्हणालो.

वहिनी हसल्या नाहीत. पिशवीत हात घालून त्यांनी एक करटुलं काढलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि पुन्हा आत ठेवलं.

"उशीर केलात, दाजी," त्या म्हणाल्या. "वन्संनी कालच तोडली असती."