पडद्यावर न आलेल्या मुली

राइट टाउन या हिंदीभाषक वस्तीतल्या मुलींच्या एका शाळेत मी संगणक शिकवते, त्यामुळे निकालाचं कामही माझ्याच गळ्यात. आमच्याकडे अकरावीचा निकाल माइकवरून सांगतात. पडद्यावर नाव उमटलं की ऑफिसातले कारकून बाबूजी ते वाचतात आणि पालक मैदानात उभे राहून ऐकतात. नापासांची नावं पुकारायची नाहीत, असा नियम. म्हणून मी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांमध्ये, सोय केली होती: नापास मुलगी आली की आउटपुट पडद्याऐवजी फाइलकडे वळवायचं, तिचं नाव तिथे लिहायचं आणि लगेच, सुरुवातीला होती तीच ओळ पुन्हा देऊन, आउटपुट पडद्याकडे परत आणायचं.

यंदा सात-आठ नावांनंतर पडदा गप्प झाला. बाबूजींनी वाट पाहिली, मग जाहीर केलं, "बस, इतनी ही पास हैं."

मैदानात रडारड सुरू झाली. प्राचार्या समाधानाने म्हणाल्या, "या वर्षी पेपर नीट तपासले गेले."

ऑफिसच्या खिडकीशी एक मराठी गृहस्थ होते, फॅक्टरीत नोकरीला. नापास झाली तर मुलीला नागपूरला काकाकडे धाडायचं, हे त्यांनी आधीच ठरवलेलं. त्यांनी तिथूनच फोन लावला. "दादा, पोरगी पाठवून राहिलो. खोली रिकामी कर."

"बाबा, मी नाही जाणार!"

"काहून? पास झाली का तू?"

मुलीने खिडकीचे गज धरले. "मैडम, एक बार मेरा देखो ना!"

मी स्क्रिप्ट उघडली. पडद्याकडे परत आणणारी ओळच गायब; पहिल्या नापास मुलीनंतरची सगळी नावं फाइलमध्येच गेली होती.

"बाबूजी, यहाँ की लाइन कहाँ गई?"

"वो? ऊपर जैसी ही तो थी, मैडम. दो-दो बार काहे को? हमने साफ कर दी."

मी ओळ पुन्हा लिहिली आणि सगळं पहिल्यापासून चालवलं. बाबूजींनी घसा खाकरला. "और भी पास हैं," असं म्हणून ते त्याच गंभीर आवाजात वाचू लागले. मुलीचं नाव आलं.

वडील अजून फोनवरच होते. "पास झाली रे ती... काय? कपाट?" फोनवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, पक्कं ना? दादानं कपाट बाहेर काढलं, ते जिन्यात अडकलं आहे."

"पक्कं."

ते मुलीकडे वळले. "चार दिवस तरी जाऊन ये. त्याला वाईट वाटेल."

ती तोवर फाटकाबाहेर घरी जायच्या ऑटोत जाऊन बसली होती.