तळमजल्यावरचं टेबल

शनिवारी शाळा सकाळची असते. त्या दिवशी मी स्वयंपाक करत नाही. बदली माझी झाली, नवरा रत्नागिरीला राहिला, आणि एकटीसाठी कुकर लावायचा मला कंटाळा आहे. नरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक साधं काठियावाडी हॉटेल आहे. सेव-टमेटाची भाजी आणि बाजरीचा रोटला तिथे फार चांगला मिळतो.

अडचण एकच. तळमजल्यावर बाप्ये, वरच्या मजल्यावर फॅमिली. दोन शनिवार मी मुकाट्याने वर बसले. चूल खाली, त्यामुळे वर येईपर्यंत रोटला निवून कडक होतो. तिसऱ्या शनिवारी मी जिन्याकडे वळलेच नाही.

"बेन, फॅमिली उपर," गल्ल्यावरून शेठ म्हणाले.

"माझी फॅमिली रत्नागिरीला आहे. मी जेवायला आलेय."

"उपर एसी छे. भाव सेम."

"गरम रोटला खाली आहे."

"मग जेंट्स लोक समोर बसतील. चालेल?"

"चार जणांचं टेबल आहे. बसू देत."

मी पंख्याखाली बसले. कुणी टक लावून पाहिलं, काही बोललं, तर काय सुनवायचं ते मनात तयार होतं. पण तसं कुणी केलंच नाही. हॉटेल भरलं. कारखान्यातले तिघे, गळ्यात ओळखपत्रं, हात धुऊन आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. माझ्या समोरच्या तीन खुर्च्या रिकाम्याच.

"जुओ बेन," शेठ समाधानाने म्हणाले, "तुमच्यामुळे गिऱ्हाईक उभं आहे."

वाईट वागणाऱ्याला मी सरळ केलं असतं. हे चांगले वागत होते, आणि त्याच चांगुलपणाने मला वर पाठवणार होते.

"बसा, भाऊ," मी त्यांच्यातल्या वयस्काला म्हटलं.

"राहू द्या ताई, तुमचं होऊ द्या ना निवांत." बोली खानदेशाकडची.

"माझं लवकर होणार नाही. अजून एक रोटला येतोय, मग खिचडी-कढी, मग ताक. तुमची पाळी किती वाजता?"

"तीनला."

"मग उभेच जाल उपाशी."

तरुण दोघं खाली मान घालून हसले. वयस्काने खुर्ची ओढली, पण तोंड भिंतीकडे करून बसला. ताट टेबलाच्या कडेला, मान वाकडी. बाकीचे दोघेही तसेच. तीन जण भिंतीकडे बघत जेवताहेत आणि मी मध्ये, असं ते दृश्य होतं. मला हसू आलं, पण मी उठले नाही.

दुसरा रोटला आला, फुगलेला, वाफ निघत असलेला. मी तूप मुरायची वाट पाहत बसले.

"ताई," भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "त्या मिरच्या खाणार नाही का तुम्ही?"

"इकडे वळून घेतल्या तर मिळतील."

तो वळला. तळलेल्या मिरच्यांची बशी मी पुढे सरकवली. मग गल्ल्याकडे पाहून जरा मोठ्याने म्हटलं, "शेठ, अजून एक बशी मिरच्या. या टेबलावर चार जण आहेत."