ओट्याखालचं माहेर

नाना माणसांना 'अरे' म्हणत आणि कोंबड्यांना 'अहो'. फणसवाडीच्या चाळीत आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहणारे हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ महिन्यातले पंधरा दिवस अलिबागेकडच्या आपल्या वडिलोपार्जित वाडीत असत. जेमतेम दीड एकर जागा, चार शेळ्या, वीसेक गावठी कोंबड्या. "अहो चंद्राबाई, चला, पाणी प्या," हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. बायको होती तेव्हा तिलाही त्यांनी कधी इतक्या अदबीने हाक मारली असेल असं मला वाटत नाही.

विकतचं खाद्य आणि औषधाची सुई या दोन गोष्टींवर त्यांचा भयंकर राग. कोंबड्यांनी शेणाचा ढीग उकरून किडे खायचे, वर तांदळाची कणी आणि आमच्या मजल्यावरच्या भाज्यांची देठं. ती देठंही नाना हुंगून घेत. "फवाऱ्याचा वास येतोय गं," म्हणून माझी कोथिंबीर त्यांनी दोनदा परत केली. तीच कोथिंबीर आम्ही खाल्ली होती, त्याचं त्यांना काही नाही.

गटारीला तिथले गावातले लोक कोंबडा मागायला त्यांच्या दारात उभे राहत. नाना शांतपणे विचारत, "मेजवानी तुमची आणि सुतक माझ्या घरी?"

अशा माणसाच्या खुराड्यात एका आषाढात मुंगूस शिरलं. उरल्या एकट्या चंद्राबाई. नानांच्या आईने पाळलेल्या कोंबड्यांच्या वंशातली ती शेवटची. तिने अकरा अंडी घातली आणि ती खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसायला तयार. नेमकी त्याच आठवड्यात नानांच्या मोतीबिंदूची तारीख. मुंगसाच्या भरवशावर तिला वाडीत ठेवणार कशी? नाना एसटीने आले, कोंबडी टोपलीत आणि अंडी मांडीवरच्या कोंड्याच्या डब्यात घेऊन, ते थेट आमच्या दारात.

आमच्याकडे श्रावणात कांदा-लसूणही बंद. आईचे डोळेच विस्फारले. "नाना, श्रावणात माझ्या घरात अंडी?"

"वहिनी, ही खायची नाहीत, जन्माला यायची आहेत." मग आवाज खाली आला. "या बसल्या नाहीत, तर आईच्या वेळचं सगळं संपलं."

कांद्याची टोपली श्रावणामुळे रिकामीच होती. आईने ती पुसली, ओट्याखाली सरकवली आणि मला म्हणाली, "जुनं सुती लुगडं आण."

तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि चंद्राबाई घाबरून थेट फ्रिजवर. अर्धा तास खाली उतरेनात. आईने अंड्यांवर आपली लोकरीची शाल घातली आणि गॅस बंद केला. त्यानंतर अठरा दिवस आमच्याकडे कुकर लागला नाही. पातेल्यातली अर्धवट डाळ गिळताना मी कुरकुरले, तर आई म्हणाली, "पोरगी बाळंतपणाला आलीय. आवाज कमी."

नानांना ऑपरेशननंतर धूळ आणि पिसं वर्ज्य. काळा चष्मा लावून ते रोज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसत. "वहिनी, पाणी प्यायल्या का?" दिवसातून दहा वेळा.

एकविसावा दिवस उजाडला. दुपारपर्यंत काहीच नाही. "एसटीत हादरे बसले असणार. माझंच चुकलं," असं नाना पुटपुटत राहिले. मला फार वाईट वाटलं. इतक्यात ते म्हणाले, "गप्प बसा जरा." आम्हाला काही ऐकू येईना. मग आलं. बारीक, चिवचिव.

संध्याकाळपर्यंत आठ पिल्लं. नाना चष्मा काढून रडायलाच लागले. आई ओरडली, "डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय ना!" त्यावर ते रडता रडता हसायला लागले, आणि आम्हीही.

गणपती झाल्यावर मायलेकरं वाडीकडे निघाली. आईने कणीचं गाठोडं बांधून दिलं. लेकुरवाळीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? नाना आईपेक्षा दहा वर्षांनी मोठे. टोपली खाली ठेवून ते जिन्यातच वाकले आणि आईच्या पाया पडले.

नाना गेल्या वर्षी गेले. आता त्यांची पुतणी वाडी बघते, आणि तिथली प्रत्येक कोंबडी आमच्या ओट्याखाली जन्मलेल्या आठांपैकी कुणाच्या ना कुणाच्या वंशातली आहे. आई महिन्यातून एकदा लाँचने जाते आणि नातवंडांना बघून येते.