चारशे घरांचा एक पत्ता

त्याला सगळे लाइनमन म्हणायचे. टेलिफोन खात्यातली नोकरी सोडून त्याला बावीस वर्षं झाली होती, आता तो आमच्या भागातल्या चारशे घरांना इंटरनेट पुरवायचा, स्वतःचं दुकान होतं, तरी नाव तेच चिकटलं. तारेच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. केसाएवढी फायबर तो चष्म्याशिवाय जोडायचा. कागदपत्रं दिसली की मात्र त्याची पाचावर धारण बसायची. ते खातं सुनेकडे होतं, आणि सून वर्षभरापूर्वीच दुकानात बसायला लागली होती.

एका मंगळवारी दुपारी गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाई दुकानात आल्या. काउंटरवर कागदांची चळत ठेवून म्हणाल्या, "काका, हे तुमच्याकडून येतंय."

लाइनमनने दोन ओळी वाचल्या आणि कागद पालथा घातला. बाईंच्या क्लासच्या वेबसाइटवर पालकांनी चौकशी करायची एक जागा होती. तिथे कुणीतरी रोज त्यांच्याबद्दल घाणेरडं लिहीत होतं, आणि आता धमक्याही देत होतं. वेबसाइट करून देणाऱ्याने मजकूर इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून येतो तो आकडा काढून दिला होता. आकडा लाइनमनच्या कंपनीचा होता.

"बाई, तार माझी आहे. बोलणं माझं नाही."

"मग कुणाचं?"

लाइनमनने सुनेकडे पाहिलं.

"दोन महिने मी तुम्हाला मेल करतेय," बाई म्हणाल्या. "एकाचंही उत्तर नाही."

कुठला मेल? सुनेने शोधाशोध केली. परवाना घेताना तक्रारींसाठी एक मेल-पत्ता द्यावा लागतो. तो दिला होता, आणि त्यानंतर कुणी उघडलाच नव्हता. आत एकसष्ट तक्रारी पडून होत्या, त्यातल्या सतरा बाईंच्या. सर्वात वरची, ज्या मोठ्या कंपनीकडून लाइनमन इंटरनेट घ्यायचा तिची होती. तीन दिवसांत खुलासा करा, नाहीतर तुमचा इंटरनेटचा पत्ता बंद करू.

"करू दे बंद. एका घराचंच जाईल ना?"

"नाही बाबा," सून म्हणाली. "आपल्या चारशे घरांना मिळून बाहेरचा पत्ता एकच आहे. बंद झाला तर सगळेच जातील, कोपऱ्यावरचा दवाखानासुद्धा."

"मग त्या चारशेतलं कोण, ते बघ."

"तेच तर कळत नाही. आपण नोंदच ठेवलेली नाही."

जाळं लाइनमननेच विणलं होतं. कुठल्या खांबावर कुठला डबा आहे हे तो झोपेतही सांगू शकला असता, आणि त्यातून कोण काय बोलतंय याचा त्याला थांगपत्ता नव्हता. नोंद ठेवायची म्हणजे काय, लोकांच्या घरात डोकवायचं? टेलिफोनच्या काळात दुसऱ्याचं बोलणं ऐकणारा माणूस नोकरीतून जायचा. आणि न ऐकावं, तर समोर बाई बसलेल्या. जेवताना त्याने बायकोला विचारलं, "मी गुन्हेगार आहे का गं?" ती म्हणाली, "मला काय विचारता, त्या बाईंना विचारा." तेवढी हिंमत त्याला झाली नाही.

मार्ग सुनेने काढला. मोठ्या कंपनीला खुलासा पाठवून तिने आणखी सात पत्ते मागून घेतले आणि चारशे घरं आठ गटांत वाटली. त्यातल्या प्रत्येक घराला, पत्त्यापुढे लागणाऱ्या आकड्यांचा एक वेगळा गठ्ठा नेमून दिला; त्या घरातून काही बाहेर गेलं की त्यातलाच एक आकडा त्याला चिकटायचा. वेबसाइटवाल्याने पत्त्याबरोबर तो आकडाही टिपला की घर कळणार. कोण काय बघतं, हे कुठेच लिहायची गरज नव्हती. लाइनमनला निम्मं समजलं, तरी दोन दिवस वायरिंग बदलायला तो स्वतः शिडीवर होता.

आठव्या दिवशी बाईंना पुन्हा मजकूर आला. वेळ, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. सुनेने आकडा जुळवला, आणि स्क्रीन सासऱ्याकडे वळवली.

घर घड्याळजीचं होतं.

घड्याळजी म्हणजे लाइनमनचा तीस वर्षांचा दोस्त. एकटा राहणारा, मुलगी परदेशात, तिच्याशी बोलण्यापुरतं इंटरनेट. "पण चार वीसला तो इथेच होता!" लाइनमन ओरडला. "या खुर्चीत! माझ्या हातचा चहा पीत होता!"

"म्हणजे त्यांच्या वाय-फायवरून दुसरंच कुणीतरी," सून म्हणाली. "पासवर्ड कुणाला माहीत असेल?"

पासवर्ड सगळ्यांनाच माहीत होता. चारशे घरांत लाइनमनने एकच टाकला होता, दुकानाचा फोन नंबर. म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात राहावा म्हणून.

बाईंनी घराचं नाव विचारलं. "पोलिसांचं पत्र आल्याशिवाय देता येत नाही," म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग पत्र आलं. त्याने घर लिहून दिलं, दुपारी चार वीसला घरमालक लाइनमनच्याच दुकानात होता हे लिहिलं, आणि खाली स्वतःच्या हाताने जोडलं, 'पासवर्ड मीच ठेवला होता, सगळीकडे एकच.' सून म्हणाली, "बाबा, हे कुणी विचारलेलं नाही." त्याने ते खोडलं नाही.

तरी घड्याळजीला चौकीत बोलावलंच. लाइनमन शेजारच्या बाकावर बसून राहिला. बाहेर पडताना घड्याळजी एवढंच म्हणाला, "माझं नाव दिलंस."

"द्यावं लागलं रे."

"हो ना. लागलं असेल."

त्यानंतर तो दुकानात आला नाही.

पुढचे पाच आठवडे लाइनमन दारोदार फिरून पासवर्ड बदलत होता. लोक वैतागायचे, तो ऐकून घ्यायचा. घड्याळजीच्या इमारतीतली बारा बिऱ्हाडं झाली, आणि बाईंना येणारा मजकूर थांबला. त्या बारातला कुणी होता, की जिन्यात उभा राहणारा आणखी कुणी, ते पोलिसांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

"कोण होतं, काका?" बाईंनी विचारलं.

"नाही सांगता येत."

"येत नाही, की सांगायचं नाही?"

"खरंच माहीत नाही, बाई. आणि तुमची सतरा पत्रं वाचली असती तर कळलं असतं का, तेही माहीत नाही." बाई नवीन कनेक्शनचा अर्ज मागून घेऊन गेल्या, भरून मात्र पाठवला नाही.

घड्याळजीने राउटर काढून कपाटावर टाकला होता. दीड महिन्याने मुलीने फोनवर फैलावर घेतलं, तेव्हा त्याने निरोप धाडला. लाइनमनने जाऊन तार जोडली, दिवे लागले.

"आता नवा पासवर्ड टाक," तो म्हणाला. "तुझा तू. मला सांगू नकोस."

घड्याळजीने टॅबलेट छातीशी धरला आणि एका बोटाने अक्षरं शोधायला लागला. बराच वेळ लागला. तोवर लाइनमन भिंतीकडे तोंड करून उभा होता.