चाचांची दुसरी दोरी

मुरूडपासून आगरदांड्यापर्यंत कुणाचं इंटरनेट बंद पडलं की फोन मला येतो. बरीच वर्षं हेच करतोय. गुडघे गेलेत, शिडी चढताना देव आठवतो, आणि लोकांना वाटतं मी वाटेत चहा पीत बसतो. खाऱ्या हवेत तांब्याची तार टिकत नाही हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. ऐकतो कोण?

जेट्टीजवळच्या चाचांकडचं काम मात्र मी मनापासून केलं होतं. चाचांनी उभा जन्म लाँचवर सुकाणू धरलं, आता घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. चाचींच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून त्या पलंगावर. बोलणं गेलं, आणि चमचा पुढे केला की तोंड फिरवायच्या. एकुलता मुलगा आखातात. दुपारी अडीचला, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, तो मोबाइलवर दिसायचा आणि म्हणायचा, ‘अम्मा, तोंड उघड.’ मग त्या उघडायच्या. चाचांनी सांगून नाही, डॉक्टरांनी सांगून नाही. त्या फोनवर त्यांच्या पोटात पेज जायची, सरळ हिशेब.

मोबाइलच्या रेंजवर तिथे बोलणं होतं, चित्र येत नाही; म्हणून मी राउटर दोन दारांचा बसवला. एक दार घराला, एक मागच्या खोल्यांना. दोन्हींकडे एकाच्या चार वायरी करणारे वेगवेगळे डबे, म्हणजे पाहुणे सिनेमे बघत बसले तरी चाचींचा फोन अडू नये. घरचा मोबाइल खोल्यांच्या दारातून आत येऊ लागला तर त्याला हाकलायचं, असा नियमही मीच लिहून ठेवला. त्या वेळी फार हुशारी वाटली.

शिमग्याच्या सुमाराला घरची वायर गंजून तुटली. पाहुण्यांची गर्दी होती, कॉटेजवाले डोक्यावर बसले होते. ओरडणाऱ्याचं काम आधी होतं, खोटं कशाला बोलू. चाचा ओरडत नाहीत. मी गेलो तो पाचव्या दिवशी. वायर बदलली, उरलेली एक तयार वायर कपाटावर टाकली आणि घाईत बजावून निघालो की आता कशाला हात लावू नका.

दोन दिवसांत पुन्हा फोन. चालतं, पण मध्येच मरतं. मुलगा ‘अम्मा’ म्हणतो, चाची तोंड उघडतात, तेवढ्यात चित्र थिजतं आणि तोंड मिटतं. मग पुन्हा लागलं तरी त्या बघत नाहीत. मी गेलो, जॅक बदलला, राउटर बंद करून चालू केला. दहा मिनिटं झकास चाललं. मी निघून आलो आणि माझी पाठ वळताच तेच थिजणं पुन्हा सुरू झालं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय! पुढचे काही दिवस मी फोनवरच सल्ले देत राहिलो. रोज संध्याकाळी चाचा एवढंच कळवायचे की आज तीन चमचे गेले, आज दोन. मला त्यांचा नंबर बघायची भीती वाटायला लागली.

तक्रार आल्यापासून बाराव्या दिवशी सकाळीच जाऊन लॅपटॉप उघडून बसलो. मोबाइल आधी हाक मारून विचारतो, घरच्या दाराचा पत्ता कुणाचा? मग ज्याचा आहे तो ओ देतो. मी तीच हाक मारून पाहिली. एका हाकेला दोन ओ आल्या. घरचं दारही म्हणत होतं मी, आणि खोल्यांचं दारही म्हणत होतं मी. राउटर एकच, त्याला दोन्ही पत्ते आपलेच. ज्याची ओ मोबाइल धरून ठेवायचा, त्या दारात तो जायचा. खोल्यांच्या दारात गेला की माझाच नियम त्याला हाकलायचा. थोड्या वेळाने पुन्हा हाक, पुन्हा नशिबाचा खेळ.

पण घरची हाक मागच्या दारापर्यंत पोचलीच कशी? दोन वेगळे रस्ते होते. तासभर मी सेटिंगमध्ये डोकं घातलं. काखेत कळसा, गावाला वळसा. शेवटी वैतागून कपाट ओढलं, तर मागे मी टाकून गेलेली ती वायर. घरच्या डब्यातून निघून खिडकीवाटे मागच्या डब्यात गेलेली, आणि जागोजागी नायलॉनच्या सुतळीने बांधलेली. गाठी अशा की बघत राहावं.

माझं डोकं फिरलं. बारा दिवस मी यंत्राला शिव्या घातल्या होत्या. चाचींचा पलंग चार पावलांवर आहे याचंही भान राहिलं नाही.

‘चाचा, बारा दिवस तुमच्याच हाताने त्यांचा घास तुटत होता.’

चाचा खिडकीच्या गजावर हात ठेवून उभे राहिले. मग शांतपणे म्हणाले, ‘होडी एका दोरीवर कोण ठेवतं? पहिली तुटली तवा तू चार दिस आला न्हाय. चार दिस तिनं पेज घेतली न्हाय. म्हणून दुसरी टाकली.’

मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. मी कधी विचारलंच नव्हतं की तुम्ही काही जोडलंत का. बजावून आलो होतो ना, हात लावू नका म्हणून, मग ते तरी कोणत्या तोंडाने सांगणार? आणि त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं तरी काय होतं. बंदराला लागलेला माणूस दुसरी दोरी टाकल्याचं कुणाला सांगत नाही.

गाठ मला सुटेना. चाचांनी एका हाताने सोडवली. शिवाय मी राउटरलाही ताकीद दिली की ज्या दाराचा पत्ता, त्याच दाराने ओ द्यायची.

अडीचला मुलगा दिसला. चाचींनी वाटीभर पेज संपवली, तळाची शितंसुद्धा. चाचा चमचा धरून बसले होते. मी दारातच उभा होतो, आत जायचं धाडस झालं नाही.

निघताना त्यांनी वायरीचं नीट वेटोळं करून माझ्या हातात दिलं.

‘ही ने. आता दुसरी दोरी तू.’

ते वेटोळं अजून स्कूटरच्या डिकीत आहे. चाचांचा फोन आला की ताटातली भाकरी तशीच ठेवून उठतो. बायको चिडते, पण मी जातो.