काकूला दलाल ठरवलं

तो प्रश्न आठवला की आजही माझं डोकं फिरतं. मांडव्याच्या बोटींची तिकिटं घेऊन काळ्या बाजारात विकणारे दलाल कोण? बोट कंपनीला पडलेला प्रश्न, आणि त्याचा नॉलेज ग्राफ करायचं काम आमच्या बेलापूरच्या ऑफिसात माझ्याकडे आलं. ह्या कामात जादू काही नाही. प्रश्नात येणाऱ्या माणसांचे, वस्तूंचे गोल काढायचे आणि कोण कुणाचं काय लागतं ते बाणांनी जोडायचं. मग कॉम्प्युटर त्या बाणांवरून जाऊन उत्तर शोधतो.

मी फळ्यावर माणूस, तिकीट आणि बोट असे गोल काढले. माणूस आणि तिकिटाच्या मध्ये दोन बाण काढले. एकावर लिहिलं 'कुणी काढलं', दुसऱ्यावर 'कुणासाठी'. आमच्या टीमच्या सरांनी डस्टर उचललं आणि दुसरा बाण पुसून टाकला.

"तिकीट काढतो तोच ग्राहक. प्रवाशांची नावं विचारायची तर ॲप बदलावं लागेल. कशाला नसता खर्च?"

"सर, आमच्या गावाकडे एक माणूस सगळ्या आळीची तिकिटं काढतो."

"मग तोच दलाल!" सर म्हणाले, आणि सगळे फिदीफिदी हसले.

हा दलाल म्हणजे माझी सख्खी काकू. नागावच्या आतल्या अंगाला आमचं घर. आळीतल्या म्हाताऱ्यांना फोनवर तिकीट काढणं जमत नाही, म्हणून सगळे काकूच्या ओटीवर येतात. ती एक पैसा वर घेत नाही. फार तर कुणी पांढऱ्या कांद्याची माळ आणून देतो. हे मी सरांना सांगितलं तर म्हणे, "म्हणजे कमिशन वस्तूत घेते." कपाळ माझं! काय बोलायचं अशा माणसाशी?

नियम लागू झाला. एका फोन नंबरवरून एकाच दिवशी एकाच दिशेच्या वेगवेगळ्या बोटींची तिकिटं निघाली की नंबर बंद आणि तिकिटं रद्द. मी मेलवर विरोध लिहून पाठवला. कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही.

काकूच्या शेजारी निवृत्त गुरुजी राहतात. त्यांना घशाचा कॅन्सर आहे, मुंबईला रेडिएशन चालू होतं. एसटीचे धक्के त्यांना सोसत नाहीत, म्हणून काकू त्यांना बोटीने न्यायची. त्या दिवशी तिने सकाळच्या बोटीची दोघांची तिकिटं काढली होती, आणि आळीतल्या एका मुलीचं दुपारच्या बोटीचं. झालं! मांडव्याला जेट्टीच्या फाटकावरच्या माणसाने तिकीट मशीनवर धरलं नि म्हणाला, "बाई, तुमचा नंबर दलालांत आहे. बाजूला व्हा."

काकूने तिथूनच मला फोन लावला. "बाय, सगल्यांच्या देखत मला दलाल बोलला गं! मी कुनाचं काय खाल्लंय? न्हाय ना?" मागे गुरुजींचा खोकला ऐकू येत होता. बोट त्यांना सोडून गेली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी दार न वाजवता सरांच्या केबिनमध्ये घुसले. सर शांतपणे म्हणाले, "अगं, चिडतेस काय? काकूचा नंबर दे, सोडवतो."

"एक नंबर सोडवून काय होणार? तो बाण परत घाला, सर! गावोगावी अशा काकू आहेत."

"पुढच्या टप्प्यात बघू."

संध्याकाळी काकूचा नंबर सुरू झाला. पण काकूने हात जोडले. "आता फक्त घरचं काढीन. पुन्हा रांगेत कोन तसं बोलला तर मी तोंड कुठं लपवू?" जन्मभर ताठ मानेने राहिलेली बाई! आणि गुरुजी एसटीने जायला लागले. एकदा त्यांना पेणलाच उतरावं लागलं, उलट्या थांबेनात. त्या दिवशीचं रेडिएशन बुडालं.

गेल्या आठवड्यात सरांनी कंपनीच्या लोकांना ग्राफ दाखवला. पडद्यावर नेमका काकूचा नंबर घेतला. "बघा, नंबर परत उघडून दिला, तरी ह्या बाईने पुन्हा दुसऱ्या कुणाची तिकिटं काढली नाहीत. दलाल सुधारतात." टाळ्या पडल्या.

"ती घाबरलीय, सर!" मी भर मीटिंगमध्ये ओरडले. "आणि तिच्या शेजारचा आजारी माणूस उपचारावाचून घरी परत येतोय!"

सरांनी पडद्याकडे वळून बघितलं, अगदी नीट बघितलं, आणि मला विचारलं, "कुठला माणूस? ह्यात तर कुणीच नाही."